सॅलमँडर दोन राउंडमध्ये मेला? पुढच्या वेळी त्याला आधी भट्टी दे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या डाइस टाकून टेबलावर खेळायच्या गोष्टीच्या गेममध्ये पाचव्या लेव्हलची चार जणांची पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांची टोळी, गुहेच्या शेवटी तू मोठ्या हौसेने सॅलमँडर हा आगीतला मॉन्स्टर ठेवलास, आणि विझार्डने, म्हणजे जादूगाराने, दोन राउंडमध्ये त्याचा निकाल लावला, बाकीच्यांनी जेमतेम एकेकदा डाइस टाकले. त्यात एकाने विचारलं की सॅलमँडर तर पालीसारखा छोटा प्राणी असतो ना, मग ह्याला माणसाचं धड आणि हातात भाला कसा काय, आणि तिथे तू अडकलास. आता तुला तोच प्राणी परत आणायचाय आणि ह्यावेळी टेबलावरच्या सगळ्यांना घाम फुटला पाहिजे.

फुटेल. सॅलमँडर हा माझा सगळ्यात लाडका मॉन्स्टर आहे, ड्रॅगनपेक्षाही, आणि नाशिकमध्ये डीएम, म्हणजे गेम चालवणारी डंजन मास्टर, म्हणून इतकी वर्षं तो चालवतेय की त्याच्याबद्दल बोलायला मला कधीही चालतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. आकडे मी २०१४ च्या पाचव्या एडिशनचे धरते कारण तू तेच पुस्तक वापरतोयस, २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलवर, म्हणजे मॉन्स्टरच्या पुस्तकावर, जाणार असशील तर एकदा ताडून घे.

आधी गणित बघू, कारण तुझ्या बाबतीत झालं ते नुसत्या डाइसच्या नशिबाने झालेलं नाहीये. सॅलमँडरचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ९०, आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागायला डाइसवर गाठायचा आकडा, १५, आणि थंडीच्या डॅमेजला तो व्हल्नरेबल, म्हणजे डबल लागतं. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट असतात, मंत्र टाकला की एक स्लॉट खर्च होतो. क्रोमॅटिक ऑर्ब हा मंत्र तिसऱ्या स्लॉटमधून टाकला की ५ डी ८, म्हणजे आठ बाजूंचे पाच डाइस, सरासरी साडेबावीस, थंडी निवडली की डबल होऊन ४५. दोन्ही ऑर्ब लागले तर सरासरी बरोब्बर ९०. म्हणजे ज्या विझार्डला हे माहितीये आणि ज्याचे स्लॉट शिल्लक आहेत त्याच्यासमोर मोकळ्या गुहेत एकटा सॅलमँडर उभा केला तर तो दोन राउंडमध्येच मरू शकतो. साधा रे ऑफ फ्रॉस्ट हा थंडीचा मंत्र घेतला तरी पाचव्या लेव्हलला २ डी ८, सरासरी ९ चे १८, वर त्याचा स्पीड ३० वरून २० वर येतो, आणि त्याला स्लॉटही लागत नाही.

आता बरेच डीएम इथे काय करतात, हिट पॉइंट वाढवून १५० करतात. ते नको करूस, प्लीज. प्लेअरने डोकं लावून प्राण्याची कमजोरी शोधली तर त्याचं फळ त्याला मिळालंच पाहिजे, पडद्यामागे आकडा फुगवलास की ती हुशारी वाया जाते आणि पोरांना ते कळतं, लगेच कळतं. हिट पॉइंट ९० च राहू दे. बदलायची ती जागा, सोबत आणि त्याला काय हवंय हे.

सोबतीचं आधी सांगते कारण ते सोपंय. सॅलमँडरचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती अवघड तो आकडा, ५, म्हणजे १८०० एक्सपी, त्याला हरवल्याचे पॉइंट. लढाई मीडियम, हार्ड की डेडली हे ह्याच पॉइंटवरून मोजतात, आणि तुझ्या चौघांसाठी मीडियमची रेषा २००० वर आहे, म्हणजे एकटा सॅलमँडर कागदावरसुद्धा मीडियमपर्यंत पोचत नाही. त्याच्यासोबत एक फायर स्नेक दिलास, तो २०० चा, तर एकूण २००० आणि दोन मॉन्स्टरचा दीडपट गुणाकार लागून ३०००, बरोबर हार्डच्या रेषेवर. दोन फायर स्नेक दिलेस तर २२००, तिघांचा गुणाकार दुप्पट, ४४००, म्हणजे नेमकी डेडलीची रेषा. मी नेहमी दोन देते. फायर स्नेक एकेकटे फार काही करत नाहीत, २२ हिट पॉइंट आणि दोन फुटकळ हल्ले, पण त्यांचं काम विझार्डच्या पायाशी जाऊन बसणं हे आहे, कारण पाच फुटांत शत्रू असला की लांबून मारायच्या हल्ल्याला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा डाइस दोनदा टाकून कमी आकडा धरायचा, आणि क्रोमॅटिक ऑर्ब हा तसलाच हल्ला आहे. आणि गोष्टीच्या दृष्टीने पण ते योग्यच, कारण फायर स्नेक म्हणजे सॅलमँडरची पिल्लं. ही अंड्यातून येतात, अंडं म्हणजे दोन फूट व्यासाचा धगधगता काळ्या काचेचा, ऑब्सिडियनचा गोळा, पिल्लू आतून कवच वितळवत बाहेर येतं आणि वर्षभरात मोठं होतं. म्हणजे पार्टी त्याच्या घरात, त्याच्या पोरांसमोर घुसलीये. हे एवढं एक वाक्य डीएमच्या डोक्यात पक्कं असलं ना की तो प्राणी आपोआप वेगळा वागायला लागतो.

आता जागा. इथे नाशिककरांना काहीही शोधायला लांब जावं लागत नाही, आपण अख्खेच्या अख्खे थंड झालेल्या लाव्ह्यावर राहतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे दख्खनचं पठार लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी तयार झालं. कसारा घाटातून येताना खिडकीतून नीट बघ, डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, ब्रह्मगिरीला, अंजनेरीला पण तेच, एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. आणि मधेमधे कुठेतरी लाल पट्टा दिसतो, तो म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरून पुढचा लाव्हा आला तेव्हा भाजून निघालेली. माझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, सॅलमँडरची बिळं कायम ह्या लाल पट्ट्यात असतात. प्लेअर्सना मी पहिल्यांदा फक्त कडा दाखवते, काळा, लाल, काळा, आणि लाल पट्ट्यात एक भोक. ज्यांनी कधी सातमाळ्यात ट्रेक केलाय त्यांना चित्र उभं करायला मदत लागतच नाही.

अंड्यासाठी सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघितलं नसशील तर एकदा जाऊन ये, खरंच. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि तसल्या खनिजांचे स्फटिक तयार होतात, बाहेरून ओबडधोबड काळा दगड आणि आत पांढरे, हिरवे, गुलाबी गुच्छ, काही सुयांसारखे. नाशिकच्या पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणीतूनही असले नमुने निघालेत. मी प्लेअर्सना गुहेत असे फुटलेले पोकळ गोळे दाखवते, सगळे थंड, आत स्फटिक, ते हावरटासारखे पिशव्या भरायला लागतात, आणि मग त्यातला एक गोळा हाताला गरम लागतो. बास. त्यापुढे मला काही बोलावं लागत नाही.

पण लढाई जिथे होणार ती जागा गुहेपेक्षा भट्टी ठेव. सॅलमँडर जातीचा लोहार आहे, धातूकामात तरबेज, आणि म्हणूनच मांत्रिक लोक त्याला शस्त्रं घडवायला बोलावून घेतात. आणि भट्टी कशी असते हे बघायचं तर जुन्या नाशकात जा. आपल्याकडची तांबट लेन, भांडी बाजार, तांब्यापितळेची कामं पिढ्यान्पिढ्या इथे झाली. तांब्याचा पत्रा ठोकत राहिलं की तो कडक होत जातो, मग तडकू नये म्हणून परत लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवायचा, परत नरम, परत ठोकायचा. घंगाळावर मठारकामाचे ते ओळीने पडलेले चकचकीत ठोके दिसतात ना, त्याच्यामागे हे सगळं असतं. आणि कल्हईवाला ज्यांनी लहानपणी बघितलाय त्यांना तर मी फक्त आठवण करून देते: जमिनीत खड्डा, भात्याने फुलवलेले कोळसे, तापलेल्या पातेल्यात टाकलेला नवसागर, एकदम उठणारा पांढरा धूर आणि नाकात जाणारा तो झणका, मग कथलाचा तुकडा फिरवला की कापसाच्या बोळ्याखाली अख्खं भांडं चंदेरी. माझी पार्टी सॅलमँडरच्या जवळ पोचली की सगळ्यात आधी त्यांना तो नवसागरचा वास येतो. टेबलावर चाळिशीचा कोणी असेल तर त्याचा चेहरा बघ त्या क्षणाला.

वास झाला की उष्णता. हळूहळू चढव, एकदम नको. पाण्याची पिशवी कोमट लागायला लागते. मेणबत्ती न पेटवताच वाकते. फायटरला चिलखताचे बक्कल मानेला चटका देतात. खिशातली नाणी मांडीला जाणवतात. आणि ह्याला नियम पण आहे, साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर, प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या दमाचा, सेव्ह, म्हणजे बचावासाठी डाइस टाकायचा, पहिल्या तासाला डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ५, पुढे प्रत्येक तासाला एकने वाढत जाणारा, मध्यम किंवा जड चिलखतवाल्यांना डिसअॅडव्हांटेज, आणि फेल झाला की एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकवा. ३८ म्हणजे काय हे एप्रिल-मे मध्ये दुपारी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर बसची वाट बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तासाभराच्या प्रवासाला ते सेव्ह सोपे असतात, कोणी फारसं फेल होत नाही, पण पार्टी पाणी मोजायला लागते आणि पॅलाडिन, म्हणजे जड चिलखतातला धर्मयोद्धा, चिलखत काढू का असं विचारायला लागतो. काढायला पाच मिनिटं लागतात, घालायला दहा. तो निर्णय त्यांच्यावर सोड.

आता मधेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, पाल की माणूस. खरा सॅलमँडर असतोच, युरोपात, काळा अंगावर पिवळे ठिपके, बेडकाच्या भाऊबंदांपैकी, ओल्या जंगलात सडलेल्या ओंडक्यांखाली राहणारा. लोक ती लाकडं आणून चुलीत टाकायचे आणि हा बिचारा जीव वाचवायला आगीतून बाहेर पळायचा, बघणाऱ्याला वाटायचं आगीतच जन्मला, असं त्याचं कारण सांगतात. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने तर लिहून ठेवलंय की हा इतका थंड असतो की बर्फाने विझावी तशी नुसत्या स्पर्शाने आग विझवतो. म्हणजे बघ, मूळ कल्पनेत तो थंड आहे आणि आपल्या गेममध्ये थंडीनेच मरतो. तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगितलं की सॅलमँडरचं कापड म्हणून जे आगीत न जळणारं विकतात ते कुठल्या प्राण्याचं नाही, खाणीतून निघतं, आपण ज्याला अॅस्बेस्टॉस म्हणतो ते. माणसाचं रूप आलं ते सोळाव्या शतकात पॅरासेल्ससकडून, हा स्विस वैद्य, त्याने चार महाभूतांत राहणाऱ्या चार जाती मांडल्या, माणसासारख्याच दिसणाऱ्या, आणि आगीतली जात सॅलमँडर. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपर्यंत येता येता त्याला वर माणसाचं धड आणि खाली सापाचं शेपूट मिळालं होतं, ते आजतागायत आहे. प्लेअरला एवढं सांगितलंस की त्याचं समाधान होईल. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट बेन्वेनुतो चेल्लिनीची, हा १५०० साली फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला सोनार आणि शिल्पकार, त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की तो पाचेक वर्षांचा असताना वडिलांना चुलीतल्या निखाऱ्यांत पालीसारखं काहीतरी खेळताना दिसलं, त्यांनी पोराला बोलावून दाखवलं आणि एक सणसणीत ठेवून दिली, मग पैसे देऊन समजूत काढली, म्हणाले तू काही चुकलास म्हणून मारलं नाही, हे तुला जन्मभर लक्षात राहावं म्हणून. भट्टीवर काम करणाऱ्या माणसालाच सॅलमँडर दिसावा हे मला फार पटतं.

आणि आपल्याकडच्या टेबलावर एक वेगळी अडचण येते, वर माणूस खाली साप असं सांगितलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर नाग येतो, पाताळातला, मुकुटवाला. ती अडचण मी वापरून घेते. महाभारतात जनमेजयाचं सर्पसत्र आहे, परीक्षिताला तक्षकाने मारलं म्हणून जगातले सगळे सर्प मंत्राने ओढून यज्ञकुंडात, आणि आस्तिक येऊन ते थांबवतो तोवर किती पडले त्याला गणती नाही. माझ्या जगात अशाच एका सत्रातले काही सर्प जळून संपले नाहीत, आगीच्या पलीकडे निघाले, फायर प्लेनमध्ये, म्हणजे गेममधल्या आगीच्या जगात, आणि तिथे ही जात तयार झाली. म्हणजे त्यांना माणसांनी लावलेल्या आगीबद्दल काय वाटत असेल विचार कर. ही माझी भर आहे, पुस्तकातली नाही, पण माझ्या पोरांनी ती इतकी मनावर घेतली की पुढे कुठे यज्ञकुंड दिसलं की थांबून आत वाकून बघायचे.

पुस्तकातली गोष्ट काय आहे तीही घे, कारण त्याला काय हवंय हे त्यातून निघतं. फायर प्लेनवर इफ्रीत लोकांचं, म्हणजे आगीच्या जिनांचं, पितळेचं शहर आहे. ते बांधायला त्यांनी अॅझर नावाचे अंगाने धातूचे, दाढीच्या जागी ज्वाळा असलेले बुटके कारागीर लावले, मग त्यांनाच गुलाम करायला गेले, ते जमलं नाही, म्हणून सॅलमँडरना गुलाम केलं. त्यामुळे सॅलमँडरचा राग अॅझरवर, की हे अडकले असते तर आम्ही सुटलो असतो, आणि इफ्रीत तो राग मस्त वापरून घेतात. किती ओळखीचं आहे हे, मालक सोडून शेजारच्या गुलामावर राग. तर तुझा सॅलमँडर बहुतेक पळून आलेला आहे, किंवा कोणीतरी बांधून आणलाय आणि काम पूर्ण झाल्याशिवाय सोडणार नाही. त्याची बुद्धी ११ आहे, तुझ्यामाझ्याइतकी. दुष्ट आहे, मान्य, पण मूर्ख नाही. तो मरेपर्यंत लढणार नाही. ३० हिट पॉइंटच्या खाली गेला की तो बोलायला लागतो, आणि भाषा इग्नन, जी प्रायमॉर्डियल ह्या महाभूतांच्या भाषेची बोली आहे, म्हणजे पार्टीत कोणाला प्रायमॉर्डियलची कुठलीही बोली येत असेल तरी बोलणं होऊ शकतं. कोणालाच येत नसेल तर तो भाला खाली ठेवेल, एवढं सगळ्यांना कळतं.

आता प्रत्यक्ष लढाई. सॅलमँडरचं खरं हत्यार शेपूट आहे. पोच दहा फूट, +७, म्हणजे डाइसच्या आकड्यात ७ मिळवायचे, लागलं की ११ अधिक आगीचे ७, आणि लगेच पकड, सुटायला डीसी १४. पकडीत असलेला रिस्ट्रेन्ड, म्हणजे त्याचे हल्ले डिसअॅडव्हांटेजने, त्याच्यावरचे अॅडव्हांटेजने, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा धरून, आणि पुढच्या राउंडपासून शेपटीचा मार आपोआप, डाइस न टाकता, १८. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचे कॉन्स्टिट्यूशन १४ धरून सरासरी ३२ हिट पॉइंट. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. म्हणून विझार्डला शेपटीत घ्यायचं असेल तर जपून घे, पहिल्याच राउंडला भाला आणि शेपूट दोन्ही लागले तर तो तिथेच पडेल आणि ती मजा नाही. मी पहिल्यांदा फायटरला पकडते, ज्याला सोसवतं, म्हणजे बाकीच्यांना दिसतं काय होतंय.

आणि पकडून जागेवर थांबायचं नाही. तो एक आकाराने मोठा असला तरी माणसाला ओढताना त्याचा स्पीड निम्मा होतो, १५ फूट. म्हणून भट्टीचा खड्डा शेपटीपासून १५ ते २० फुटांवर काढ. खड्ड्यात पडलं तर २ डी १०, निखाऱ्यांवर नुसतं फरपटलं तर १ डी १०. लाव्हा अजिबात नको. नवीन डीएमना लाव्ह्याचा फार मोह होतो, पण लाव्ह्याच्या ओढ्यात पाय टाकला तर १० डी १०, सरासरी ५५, ह्या लेव्हलला सरळ मरण. निखारे पुरेत. ओढत नेताना मी राउंडच्या शेवटी नुसतं अंतर सांगते, दहा फूट राहिले, पाच फूट राहिले, आणि टेबलावरचे सगळे उभे राहतात.

दुसरं म्हणजे त्याचं तापलेलं अंग. पाच फुटांत उभं राहून जो कोणी त्याला मारेल त्यालाच ७ आगीचं डॅमेज, प्रत्येक फटक्याला. फायटरने दोनदा मारलं की १४. तुझ्या पार्टीत मंक, म्हणजे हातापायांनी लढणारा, आहे असं तू लिहिलंयस, तर त्याला आधीच सांगून ठेव हळू, कारण फ्लरी ऑफ ब्लोज, म्हणजे त्याचे दोन जास्तीचे फटके, धरून चार फटके लागले तर स्वतःला २८, आणि पाचव्या लेव्हलच्या मंकचे हिट पॉइंट सगळे मिळून ३८ च्या आसपास असतात. वर त्याच्या हातापायांचे फटके सहाव्या लेव्हलला जादुई होतात, त्याआधी सॅलमँडरला ते निम्मेच लागतात. मंकवाल्या पोराला वाईट वाटेल, म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम काम ठेव: पकडलेल्याला सोडवणं, भात्याची दोरी कापणं, अंडं घेऊन पळणं. मंकपेक्षा जास्त वेगाने त्या खोलीत कोणी धावू शकत नाही. आणि ज्याच्याकडे ग्लेव्ह किंवा हॅल्बर्डसारखं लांब दांड्याचं हत्यार आहे त्याने दहा फुटांवरून मारलं तर हे चटके लागत नाहीत, नियमात पाच फूट स्पष्ट लिहिलंय. हे प्लेअरने स्वतः शोधलं तर लगेच मान्य कर आणि कौतुक कर.

विझार्डच्या ऑर्बचं काय? भट्टीची दगडी भिंत. तिच्यामागे तीन चतुर्थांश आडोसा घेतला की आर्मर क्लास १५ चा २०. तुझ्या विझार्डचा हल्ला +७ असेल, म्हणजे आधी ८ लागायचे, आता १३. ऑर्ब लागू शकतो, पण दोनच्या दोन लागतीलच असं नाही. आणि पहिला थंडीचा मार बसला की सॅलमँडरला कळलं, ह्या माणसाला आधी बघायचं. तो ओरडतो, दोन्ही पिल्लं विझार्डकडे सरपटतात. वॉरलॉकने, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराने, आर्मर ऑफ अॅगाथिस हे थंडीचं कवच लावलेलं असेल तर मात्र सॅलमँडर एकदाच फसू दे: तिसऱ्या स्लॉटचं अॅगाथिस जवळून मारणाऱ्याला १५ थंडी देतं, ह्याला ३०, आणि भाल्याने कवच पुरतं संपलं नाही तर शेपटीला परत ३०. असला राउंड पोरं वर्षानुवर्षं सांगत फिरतात. पुढच्या राउंडला तो वॉरलॉकवर भाला फेकेल, जवळ जाणार नाही, म्हणून भिंतीला तयार भाले टेकवून ठेव, भट्टीच आहे ती शेवटी.

पाणी. कोणीतरी पाणी ओतणारच, शंभर टक्के. फायर एलिमेंटल ह्या निव्वळ आगीच्या मॉन्स्टरला पाण्याने डॅमेज होतं असा नियम आहे, सॅलमँडरच्या स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, तसं काही नाही. पण "काही होत नाही" असं उत्तर देऊन टाकलंस तर प्लेअरचा हिरमोड. माझ्या टेबलावर हंडाभर तरी पाणी अंगावर पडलं की पुढच्या त्याच्या टर्नपर्यंत तापलेल्या अंगाचं डॅमेज बंद, आणि त्याच्याभोवती दहा फूट वाफ, आरपार दिसत नाही. म्हणजे मंकला एक मोकळा राउंड, पण विझार्डला समोरचं दिसत नाही. दोन्ही बाजूंनी कापणारा निर्णय असला की टेबलावर चर्चा होते, आणि चर्चा झाली की लढाई सगळ्यांची होते. लेण्यांमध्ये कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात तशी दोन टाकी नकाशात घाल, एक दाराशी, एक भट्टीच्या पलीकडे. लोहाराला तापलेला धातू बुडवायला पाणी लागतंच, म्हणजे ते तिथे का आहे हे वेगळं सांगायला नको.

लढाई संपल्यावरचं तुला विचारायचं होतं की नाही माहीत नाही, पण ते महत्त्वाचंय. सॅलमँडर हरला आणि जिवंत असला तर त्याच्याकडून सोनं मागण्यापेक्षा काम मागायला लाव. पार्टीच्या एका शस्त्राला तो नवीन पातं घालून देऊ शकतो. ह्या लेव्हलला एक साधं +१ जादुई शस्त्र पार्टीला पुढच्या सगळ्या मॉन्स्टरसमोर उपयोगी पडतं, आणि ते कुठल्यातरी पेटीत सापडण्यापेक्षा ज्याने तुम्हाला शेपटीत धरून निखाऱ्यांकडे ओढलं त्याने समोर बसून घडवलेलं असावं. त्याच्या बदल्यात त्याला हवंय ते विचार: बहुतेक वेळा त्याला त्याची पिल्लं आणि इफ्रीतचे लोक येऊ शकणार नाहीत अशी जागा हवी असते.

आणि पार्टी अंडं घरी नेणार. नेतातच. नियम आधीच ठरवून ठेव: थंड जागेत ते नुसतं पडून राहतं, भट्टीत किंवा चुलीत सतत तापलं तर उबतं, बाहेर येतो तो फायर स्नेक, इग्नन समजतो पण बोलू शकत नाही, बुद्धी ७, आणि वर्षभरात तो मोठा सॅलमँडर होणार आहे. कॅम्पेनमधलं वर्ष किती सेशनमध्ये संपतं हे तुलाच माहीत, तोवर त्याला कुठे ठेवायचं, सरायच्या लाकडी खोलीत तर नाहीच, हे त्यांना ठरवू दे. प्रायमॉर्डियल येणारा कोणी पार्टीत असेल तर त्याला पुढच्या सेशनच्या आधी एकटं गाठून विचार की तो ह्या पिल्लाशी रोज बोलेल का, कारण त्यावर पुढचं सगळं ठरणार आहे.